बायांचा हिशेब

चर्नी रोड स्टेशनला लागून जो रस्ता जातो, त्याला महर्षी कर्व्यांचं नाव आहे. कामानिमित्त आठवड्यातून दोनदा तरी मी त्या रस्त्यानं जाते. पलीकडे गिरगाव चौपाटी. याच चौपाटीजवळ ११ मार्च १८८९ रोजी पंडिता रमाबाईंनी शारदा सदन सुरू केलं. तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी होती देवरुखच्या जोश्यांची गोदूबाई. पुढे बरोबर चार वर्षांनी, ११ मार्च १८९३ ला, तिनं धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला. तिचं नाव आनंदीबाई झालं, पण सगळ्यांची ती बाया. एम.एस.डब्ल्यू. करताना आम्हाला समाजसुधारणेचा इतिहास होता. कर्व्यांवर प्रश्न यायचा. बायांवर एकदाही आला नाही.

देवरुख म्हणजे कोकणातलं लहानसं गाव. गोदूचं आठव्या वर्षी लग्न झालं आणि काही महिन्यांतच नवरा गेला. त्यानंतरची कित्येक वर्षं सासरी राबण्यात गेली. मुंबईत राहणाऱ्या भावानं, नरहरपंतांनी, तिला इथं आणलं म्हणून ती शाळेपर्यंत पोचली. मुलीच्या दुसऱ्या लग्नाला वडिलांनीही होकार दिला. त्या काळच्या खेड्यातल्या ब्राह्मण घरात हे किती अवघड होतं, याची कल्पना आज येणार नाही. याच घरातली धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले. तीही ऐन तारुण्यात, पदरी मुलगा असताना विधवा झाली. तिनं पुनर्विवाह केला नाही. ती आश्रमात शिकली, आश्रमासाठी वर्गणी मागत गावोगाव फिरली, आणि १९१८ मध्ये अमेरिकेला जाऊन लोकांच्या घरी कामं करून राहिली.

या दोघी बहिणी शेजारी शेजारी ठेवल्या की मला अस्वस्थ व्हायला होतं. बायांच्या लग्नानंतर मुरूडनं कर्व्यांवर बहिष्कार टाकला. १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम निघाला, तेव्हा तिथं पुनर्विवाहाचा प्रचार करायचा नाही, फक्त शिक्षण द्यायचं, असं धोरण ठरलं. नाहीतर लोक मुली पाठवणार नाहीत! धोरण म्हणून ते चुकलं असं मी म्हणणार नाही. आपण सगळ्याच संस्थांमध्ये अशा तडजोडी करतो. पण त्याची किंमत कोणी दिली? विधवेच्या वेषातली पार्वतीबाई आश्रमाचा चेहरा होऊ शकली. जिनं प्रत्यक्ष पुनर्विवाह करून दाखवला, त्या बायांना आश्रमापासून लांब राहावं लागलं.

त्यांच्या वाट्याला आलं घर. कर्व्यांनी साठवलेला पैसा, विम्याची पॉलिसीसुद्धा, संस्थेला देऊन टाकली. मुलांचं काय, हा प्रश्न बायांनी विचारायचा आणि तो विचारला म्हणून संकुचित ठरायचं. त्या गप्प बसल्या नाहीत, भांडल्या. मूल लहान असताना नागपूरला जाऊन सुईणीचं शिक्षण घेऊन आल्या. १९४४ साली त्यांचं 'माझे पुराण' प्रसिद्ध झालं. कुरकुर नाही, पण हिशेब चोख आहे. पुढे वसंत कानेटकरांच्या नाटकाचं नाव पडलं 'हिमालयाची सावली'. नाटक चांगलं आहे. पण सावली ना कमावते, ना स्वयंपाक करते, ना पैसे कुठे गेले म्हणून विचारते.

लालबागच्या एका चाळीत मला एक आजी भेटतात. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, तेव्हा त्यांचे यजमान युनियनच्या कामात बुडालेले. आजी डबे करून घर चालवत होत्या. मी विचारलं, ''आजी, मोर्च्याला जायचात का?'' त्या म्हणाल्या, ''कधी जाणार गं? मोर्च्यावरनं येणाऱ्यांना जेवायला नको होय?'' संपाच्या इतिहासात त्यांचे यजमानही नसतील, हे मान्य. पण चाळीत अजून लोक त्यांना 'कामगार पुढारी' म्हणतात. आजींना म्हणतात 'त्यांची बायको'.

आणि मैत्रिणींनो, बोट फक्त पुरुषांकडे दाखवून भागणार नाही. माझी मुलगी चार वर्षांची आहे. परळ-दादरच्या बैठका, कौटुंबिक सल्ला केंद्र, रात्रीबेरात्री येणारे फोन, हे सगळं मला जमतं, कारण घरी सासूबाई आहेत. आमच्या वार्षिक अहवालात माझं नाव येतं. त्यांचं येत नाही. घरकामाला मोल मिळालं पाहिजे यावर मी शिबिरात तासभर बोलते, तेव्हा त्या घरी भाजी निवडत असतात.

म्हणून पुढच्या बैठकीत मी अंदाजपत्रकात एक रक्कम सुचवणार आहे. आपल्यापैकी कुणाची मुलं, कुणाचे म्हातारे आईवडील जी बाई सांभाळते, मग ती घरातली असो की बाहेरची, तिच्यासाठी मानधन. एका मैत्रिणीनं आत्ताच सांगितलं, देणगीदार यावर पैसे देणार नाहीत. दुसरी म्हणाली, नात्यात पैसा आणला की नातं बिघडतं. हेच वाक्य सल्ला केंद्रात नवरे म्हणतात, तेव्हा आपण काय उत्तर देतो ते आठवावं.

हा प्रस्ताव मी सासूबाईंनाही वाचून दाखवला. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ''पैशांचं बघू नंतर. आधी साडेसातला येते म्हणून सांगून जातेस ना, तर साडेसातला ये.''