वजनकाट्याचा निवाडा आणि न आलेली पाळी

खाणे तोडून किंवा व्यायामाचा अतिरेक करून हडकलेली मुलगी उपचारांनी पुन्हा अंग धरू लागते, काट्यावरचा आकडा ठरवून दिलेल्या रेषेपलीकडे जातो, घरच्यांचा जीव भांड्यात पडतो आणि तरीही महिन्यामागून महिने पाळी येत नाही, अशा वेळी काय समजायचे या प्रश्नाला आरोग्यविषयक सदरांतून आणि व्याख्यानांतून अलीकडे एक मोठे ठाशीव उत्तर मिळू लागले आहे. शरीर ही हिशेबाची वही आहे. जमेची बाजू भरली की पाळी सुरू झालीच पाहिजे. ती सुरू होत नसेल तर दोष वजनाचा नाही हे आपोआप सिद्ध झाले. मग तो बीजांडकोशाच्या एखाद्या नव्या विकाराचा असेल, मनाचा असेल किंवा मुलीच्या नाटकीपणाचा असेल. आणि कोणाचाही असला तरी महिन्याला २१ गोळ्या दिल्या की पाळी ‘येते’ आणि विषय संपतो. पूर्वपक्ष एवढाच आहे. त्याचे मांडणारे तो याहून बऱ्याच शब्दांत मांडतात, पण शब्द काढून घेतले असता शिल्लक राहते ते इतकेच.

या पूर्वपक्षाचा समाचार घेण्यापूर्वी अवस्था कोणती ते सांगितले पाहिजे. आयुर्वेदाच्या ग्रंथांत तिला नष्टार्तव म्हटले आहे; आजच्या परिभाषेत, गर्भधारणा, स्तनपान किंवा रजोनिवृत्ती यांपैकी काही नसताना पूर्वी नियमित असलेली पाळी सलग ३ महिने, किंवा अनियमित असलेली ६ महिने आली नाही तर त्याला दुय्यम अनार्तव म्हणतात. उपासमारीतून उद्भवणाऱ्या प्रकारात गर्भाशय आणि बीजांडकोश सहसा निरोगी असतात. थांबलेला असतो तो वरून येणारा हुकूम. मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस हा भाग एक संप्रेरक ठोक्याठोक्याने सोडत असतो, त्या ठोक्यांच्या लयीवर पोषग्रंथी आपली दोन संप्रेरके, एलएच आणि एफएसएच, रक्तात सोडते, आणि त्यांच्या प्रेरणेने बीजांडकोशात स्त्रीबीज पक्व होऊन इस्ट्रोजेन तयार होते. अन्न अपुरे पडले की ठोके मंदावतात, आणि साखळीतले पुढचे सगळे दुवे आपापल्या जागी शाबूत असूनही गप्प बसतात. १९४४-४५च्या हिवाळ्यात नेदरलँड्सच्या पश्चिम भागात अन्नपुरवठा तुटला तेव्हा असंख्य स्त्रियांची पाळी अशीच गेली होती आणि ती नाटके करून गेली, असे कोणी म्हटल्याचे ऐकिवात नाही.

आता काट्याकडे. पूर्वपक्षाचा सगळा डोलारा ‘वजन भरले’ या दोन शब्दांवर उभा आहे, आणि कशाच्या मानाने भरले, हे त्यात कोठेही सांगितलेले नसते. विचारले असता १८.५ हा आकडा पुढे केला जातो. किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणाऱ्या निर्देशांकाची, म्हणजे सर्वत्र बीएमआय या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मापाची, ती प्रौढांसाठीची खालची मर्यादा आहे. हे माप एकोणिसाव्या शतकातील एका बेल्जियन संख्याशास्त्रज्ञाच्या कामातून आलेले, त्याचे आजचे नाव १९७२ सालचे, आणि त्याची उपयुक्तता लोकसंख्येची पाहणी करण्यात आहे. महाराष्ट्रातील वाचकाला आणेवारीचे उदाहरण देता येईल: गावाची आणेवारी ५० पैशांच्या आत निघाली की बाहेर, यावर सवलती ठरत आल्या, कारण शासनाला कोठेतरी रेघ ओढावीच लागते, पण ५१ पैसे आणेवारी लागलेल्या गावातल्या विहिरीला आपण रेघेच्या वर आलो हे कोणी कळवत नाही आणि तिला त्यामुळे पाणीही लागत नाही. १८.५ची रेघ हायपोथॅलॅमसला तितकीच ठाऊक असते.

एक कल्पित हिशेब पाहावा. १६० सेंटिमीटर उंचीच्या एका मुलीचे वजन आजारापूर्वी ५८ किलो होते, म्हणजे निर्देशांक २२.७, ते ४२ किलोपर्यंत, म्हणजे १६.४पर्यंत उतरले, उपचारांनी ती ४८ किलोवर आली, निर्देशांक १८.७५ झाला आणि कागदावर ती ‘नॉर्मल’ ठरली. पूर्वपक्ष इथे पेढे वाटतो. परंतु जे शरीर वर्षानुवर्षे ५८ किलोंवर सुखाने पाळी देत होते त्याच्या दृष्टीने ही मुलगी अजून १० किलोंनी उणी आहे, आणि तिच्या आवळ्या-जावळ्या वाटणाऱ्या, पण जन्मजात काटक बांध्याच्या मैत्रिणीची पाळी ४८ किलोंवर बिनबोभाट येते, हा तिच्याविरुद्धचा पुरावा होऊ शकत नाही. वाढीच्या वयातील मुलीत तर घोटाळा आणखी वाढतो, कारण चौदाव्या वर्षी ठरवून दिलेले लक्ष्यवजन सोळाव्या वर्षी तिची उंची, हाडे आणि वय पुढे गेल्यामुळे शिळे झालेले असते आणि तरी कागदावर तेच चालू राहते. १९९७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका बहुचर्चित अभ्यासात ॲनोरेक्सिया नर्व्होसाच्या, म्हणजे वजन वाढण्याच्या भीतीने अन्न तोडण्याच्या विकाराच्या रुग्ण मुलींकडे पाहिले गेले. प्रमाण वजनाच्या ९० टक्क्यांपर्यंत पोचलेल्यांपैकी ८६ टक्के मुलींची पाळी त्यानंतरच्या ६ महिन्यांत परत आली, आणि ती ज्या वजनावर गेली होती त्याहून सरासरी सुमारे २ किलो अधिक वजनावर आली. पूर्वपक्षाला यातले ८६ दिसतात. उरलेले १४ त्याला दिसत नाहीत, ६ महिने दिसत नाहीत, आणि जाताना जे वजन होते ते येताना पुरत नाही ही सर्वांत बोलकी गोष्ट तर त्याच्या नजरेच्या टप्प्यातच येत नाही.

काट्याची ही भक्ती नवी नाही, आणि येथे एका जुन्या वादाकडे थोडे वळणे भाग आहे. १९७४ साली एका अमेरिकी शोधनिबंधात असे मांडले गेले की, पाळी सुरू होण्यासाठी शरीरात किमान १७ टक्के आणि ती टिकण्यासाठी सुमारे २२ टक्के चरबी लागते. कल्पना मोहक होती, आकडे लक्षात राहण्याजोगे होते, आणि पुढची कित्येक वर्षे व्यायामशाळांपासून दवाखान्यांपर्यंत ते मंत्रासारखे म्हटले गेले. टीकाकारांनी तेव्हाच दाखवून दिले होते की, ही चरबी प्रत्यक्ष मोजलेली नव्हती. ती उंची आणि वजन यांवरून सूत्राने काढलेली होती, म्हणजे काट्यावरचाच आकडा चरबीचा अंगरखा घालून परत आला होता. शिवाय सारख्याच चरबीच्या धावपटू स्त्रियांमध्ये एकीची पाळी नियमित आणि दुसरीची बंद, असे वारंवार आढळत राहिले. मूळ कल्पनेत तथ्याचा अंश होता, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे: चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचे संप्रेरक सोडतात, ते १९९४ साली उजेडात आले, आणि मेंदूला साठ्याची वर्दी देण्याचे काम ते करते. मात्र उपवास घडला की लेप्टिन चरबी घटण्याच्या कितीतरी आधी आणि कितीतरी वेगाने कोसळते. म्हणजे ही वर्दी कोठारात किती आहे एवढ्याचीच नसून आज दारात काय आले याचीही असते. २००४ साली, वजन जवळपास प्रमाणात असूनही पाळी बंद असलेल्या थोड्या स्त्रियांना हे संप्रेरक टोचून दिले गेले तेव्हा त्यांच्यातील काहींच्या बीजांडकोशांचे काम पुन्हा सुरू झाले. (त्याबरोबर भूक मंदावून वजनही उतरू लागले, त्यामुळे हा उपाय म्हणून हाती धरण्याजोगा नव्हता, पण ज्यांचे वजन ‘भरलेले’ होते त्यांच्या मेंदूला मात्र ते भरलेले वाटत नव्हते, एवढे त्यातून निःसंशय दिसले.)

मेंदू वाचतो ते काय, याचे अधिक नेमके उत्तर ‘उपलब्ध ऊर्जा’ या संकल्पनेत आहे. दिवसभरात खाल्लेल्या ऊर्जेतून व्यायामावर खर्च झालेली वजा करावी आणि उरलेलीला शरीराच्या चरबीविरहित वजनाने भागावे. जे येते ते श्वास, ऊब, हाडांची डागडुजी आणि पाळी अशा बाकीच्या संसारासाठी उरलेले असते. नियमित पाळीच्या तरुण स्त्रियांवर केलेल्या आणि २००३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात असे दिसले की, ही शिल्लक दर किलोमागे ३० किलोकॅलरींच्या खाली नेली की अवघ्या ५ दिवसांत एलएचच्या ठोक्यांची लय बिघडते. पाच दिवसांत वजनात असा कोणता फरक पडतो? ५० किलो वजनाच्या, ३८ किलो चरबीविरहित भाराच्या, दिवसाला १५०० किलोकॅलरी खाणाऱ्या आणि ४०० व्यायामात घालवणाऱ्या मुलीची शिल्लक २९ येते. तिचे वजन महिनोन्‌महिने न हलण्याचीही शक्यता असते, आणि नेमके हेच पूर्वपक्षाला कळत नाही. वजन स्थिर आहे म्हणजे भागते आहे असे नव्हे. शरीराने काटकसर केली म्हणूनही ते स्थिर राहते. थायरॉइडचे सक्रिय संप्रेरक उतरते, नाडी मंदावते, हातपाय गार पडतात, केस गळतात, पाळी थांबते, आणि काटा मात्र समाधानाने त्याच आकड्यावर उभा असतो. ज्या घरात गळके छप्पर, थकलेली शाळेची फी आणि न भरलेले औषधाचे बिल यांवर महिना निभावला जातो त्या घराच्या जमाखर्चाचाही मेळ बसतो. पुढे या ३०च्या आकड्याचीही मूर्ती झाली, तिला शेंदूर फासला गेला, आणि ती रेघही सर्व स्त्रियांत तितकी ठळक नसल्याचे नंतर आढळले, हा या इतिहासाचा आणखी एक विनोद म्हणावा लागेल.

उलट बाजूनेही काटा उघडा पडतो. पुष्कळ कमी वजनावरही काही रुग्णांची पाळी चालूच राहते. म्हणूनच २०१३ साली मानसिक विकारांच्या प्रमुख अमेरिकी वर्गीकरणात ॲनोरेक्सियाच्या निदानासाठी असलेली ‘पाळी गेलेली असणे’ ही अट काढून टाकण्यात आली. जो आकडा पाळी जाण्याची हमी देत नाही तो येण्याची हमी देतो असे मानायला मोठी श्रद्धा लागते.

गोळ्यांविषयी. १९६०पासून वापरात असलेल्या संततिनियमनाच्या गोळीत २१ दिवस संप्रेरके देऊन ७ दिवस थांबण्याची योजना आहे. त्या थांबण्याने गर्भाशयाचे अस्तर सुटते आणि रक्तस्राव होतो. त्यात बीजोत्सर्ग नसतो, हायपोथॅलॅमस जागा होत नाही, किंबहुना त्याला झोपवून ठेवणे हेच त्या गोळीचे काम आहे. तिला ‘पाळी आणणारी गोळी’ म्हणणे म्हणजे भिंतीवरच्या घड्याळाचे काटे बोटाने फिरवून सूर्य उगवल्याचे जाहीर करणे होय. सत्यनारायणासाठी पाळी गोळीने पुढे ढकलणाऱ्या घरातच ती दुसऱ्या गोळीने मागवली जावी, यात एक प्रकारची सुसंगती आहे हे नाकारता येणार नाही; दोन्ही वेळा स्रावाचा शरीराशी असलेला संबंध गौण आणि कॅलेंडरशी असलेला प्रधान मानलेला असतो. यातून खरी हानी हाडांची होते. इस्ट्रोजेनच्या अभावी, आणि उपासमारीत घटणाऱ्या इतर वृद्धिकारक संप्रेरकांच्या अभावी, हाडांची घनता ज्या वयात कमवायची त्याच वयात गमावली जाते, आणि दरमहा होणाऱ्या स्रावामुळे सगळे ठीक आहे असे सर्वांना वाटत राहते. पोटातून घेतलेल्या अशा गोळ्यांनी या रुग्णांची हाडे वाचतात असे दिसलेले नाही. त्वचेवर चिकटवायच्या पट्टीतून दिलेल्या इस्ट्रोजेनने, जोडीला ठरावीक दिवस प्रोजेस्टेरॉन वर्गातील औषध देऊन, किशोरींच्या हाडांना लाभ झाल्याचे २०११च्या एका चाचणीत दिसले. पण तो उपाय अन्नाचा बदली कामगार नव्हे.

सोनोग्राफीत बीजांडकोशात बारीक पुटिका दिसल्या की ‘पीसीओएस’ या बीजांडकोशाच्या विकाराचा शिक्का मारून अशा मुलीला वजन कमी करण्याचा सल्ला देणे, हा पूर्वपक्षाचा सर्वांत महाग पडणारा प्रमाद आहे, कारण तशा पुटिका विश्रांतीतल्या बीजांडकोशातही दिसतात. ‘हे मनाचे आहे’ या आक्षेपाला एवढेच उत्तर पुरे की, हायपोथॅलॅमस मनापासून फार दूर राहत नाही. ‘लग्न झाले की सुरळीत होईल’ हे मत खंडनाच्या पातळीवर आलेले नाही.

मग करायचे काय? प्रथम गर्भधारणा, थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन यांच्या तपासण्या करून इतर कारणे बाजूला काढावीत, ६ महिन्यांहून अधिक काळ पाळी नसल्यास हाडांची घनता मोजावी, आणि त्यानंतर लक्ष्यवजन कोष्टकावरून न ठरवता त्या मुलीच्या स्वतःच्या जुन्या वाढीच्या आलेखावरून ठरवावे. ते बहुधा तिला आणि तिच्या आईलाही नकोसे वाटेल इतके वर असते. भात, पोळी, तूप, दाणे यांतले जे ‘आता पुरे’ म्हणून ताटातून गेले ते परत यावे, व्यायाम काही महिने निम्म्यावर किंवा त्याहून खाली यावा, आणि दिवसभर पोट मारून रात्री एकदम जेवणे बंद व्हावे. अन्नाच्या भीतीवर मानसोपचार हवेत. लहान गटांवर केलेल्या २० आठवड्यांच्या वर्तनोपचारानेही बीजांडकोश कामाला लागल्याचे दिसले आहे. काळ लागतो, आणि वजन स्थिरावल्यावर ६ महिने, वर्ष, कधी त्याहूनही अधिक जातो. या मंडनात चमकदार असे काही नाही, आणि सदरात छापण्याजोगा एखादा आकडाही त्यातून निघत नाही.

वाट पाहण्याच्या या काळाविषयी एक गोष्ट मात्र लग्न झालेल्या आणि न झालेल्या अशा दोन्ही रुग्णांना स्पष्ट शब्दांत सांगितली जात नाही: परत येणाऱ्या पाळीच्या आधी, बहुधा दोनेक आठवडे आधी, पहिले स्त्रीबीज सुटलेले असते. त्यामुळे पाळी नाही म्हणजे दिवस जाण्याची शक्यता नाही असे समजणाऱ्या स्त्रीला दिवस जाऊ शकतात, आणि मग पुढच्या महिन्यातही न आलेल्या पाळीचे कारण वेगळे असते.