माथेरानची हातरिक्षा अन् आपली रील

राजेहो, सुट्ट्या लागल्या की आपल्याकडचे बरेच ग्रुप माथेरान धरतात. रात्री नांदुऱ्याहून गाडी, सकाळी कल्याण, तिथून कर्जत लोकलनं नेरळ. मुंबईच्या इतक्या जवळ असूनही दस्तुरी नाक्याच्या पुढं मोटार जात नाही, म्हणून हवा चांगली, शांतता चांगली, हे सगळे कौतुकानं सांगतात. पण माणसं अन् बॅगा आत कशा जातात, हे कोणी सांगत नाही.

माणूस ओढून नेतो. पुढं एक, मागून ढकलायला एक-दोघं, लाल मातीच्या चढावर. आत बसलेला आपलाच भाऊ रील काढतो, 'फुल्ल राजेशाही' म्हणून. घोडा थकला तर हळहळणारे हेच लोक रिक्षावाल्याशी मात्र पन्नास रुपयांसाठी घासाघीस करतात.

काही म्हणलं की उत्तर ठरलेलं: "अरे, त्याचं पोट आहे त्याच्यावर!" हे बोलतो कोण? बसणारा. ओढणाऱ्यांची संघटना तर वर्षानुवर्षं ई-रिक्षाच मागत होती. दुसरं उत्तर असतं की आपल्या मार्केट यार्डातला हमालही ओझं उचलतोच. उचलतो ना. पण तो पोतं उचलतो, धडधाकट गिऱ्हाईक नाही. अन् त्याच्यासाठी १९६९ पासून माथाडी कायदा आहे, तो कितपत पाळला जातो ते वेगळं.

६ ऑगस्ट २०२५ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की माणसानं माणूस ओढणं सहा महिन्यांत बंद करा. सरन्यायाधीश होते आपल्या अमरावतीचे भूषण गवई. पंजाबच्या सायकलरिक्षांच्या प्रकरणात १९८० लाच कोर्ट यावर बोललं होतं. ४५ वर्षांनंतरही हे चालू, याचं कोर्टानं दुःख व्यक्त केलं. गुजरातेत केवडियाला ई-रिक्षा भाड्यानं देतात तशी योजना करा, पैसा नाही ही सबब चालणार नाही, असंही सरकारला बजावलं.

माझी खरी भीती पुढंच आहे. आपल्याकडं योजना गरिबाच्या नावानं येते अन् चावी दुसऱ्याच्या खिशात जाते. कोर्टानं स्पष्ट म्हणलंय की ई-रिक्षा आधी खऱ्या हातरिक्षावाल्यांना द्या, उरल्या तर आदिवासी महिला अन् इतरांना. ज्याच्या खांद्याला घट्टे पडले त्यालाच ती मिळाली पाहिजे. एखाद्या ठेकेदारानं वीस गाड्या घेऊन त्याच माणसाला रोजानं ठेवलं, तर फक्त दांडी जाऊन हँडल आलं म्हणायचं.

'ई-रिक्षा नको, माथेरानचं जुनेपण जाईल' म्हणणाऱ्यांनी सामान डोक्यावर घेऊन ते अडीच-तीन किलोमीटर एकदा चालावं. जुनेपणच पाहिजे तर १९०७ ची मिनी ट्रेन आहे की!

या सिझनला जाणार असाल तर पाय धड असेपर्यंत चालत जा. आई-आजीला सोबत नेलं तर ई-रिक्षा करा, अन् चालवणाऱ्या दादाला विचारा, गाडी कोणाच्या नावावर आहे? काय उत्तर मिळालं ते इथं कॉमेंटमध्ये टाका.