धक्क्याची साक्ष

सिडनीतील आमच्या एका परिचित भगिनीने शुक्रवारी दुपारी बाजाराच्या वाहनतळावर गाडी उभी केली. परत येऊन पाहतात तो दार चेपलेले, आणि चिठ्ठी नाही! शब्बाथचे दिवे लावण्याची वेळ जवळ आलेली. तक्रार राहून गेली. पुढे दहा दिवसांनी विचारले तेव्हा कॅमेऱ्यातील चित्रण पुसले गेले होते.

वाचकहो, ही यंत्रे जुन्या चित्रणावर नवे चढवीत जातात. म्हणून प्रथम ‘चित्रण द्या’ असे न लिहिता ‘चित्रण राखून ठेवा’ असे त्याच दिवशी लिहावे. तारीख, वेळ, जागा व गाडीचा क्रमांक द्यावा. प्रत नाकारली तर रागावू नये. १९८८ च्या खासगीपणाच्या कायद्याने मोठ्या संस्थांकडून स्वतःविषयीची माहिती मागता येते, परक्याचा चेहरा नव्हे. पोलिसांना मात्र सहसा देतात. तेव्हा १३१ ४४४ वर नोंद करून तो नोंदक्रमांक व्यवस्थापकास कळवावा. वाहनतळ कौन्सिलचा असल्यास न्यू साउथ वेल्सच्या २००९ च्या माहिती कायद्याखाली ३० डॉलर भरून अर्ज करता येतो. पण निर्णयाची मुदत कामकाजाचे २० दिवस, तोवर चित्रण उरेलच असे नाही.

आमच्या भगिनीने विम्याच्या एक्सेसची रक्कम पदरची भरली.