परराष्ट्र धोरणाचा तास मालवणात भरला तर?

परराष्ट्र मंत्रालयाची एक व्याख्यानमाला आहे. निवृत्त राजदूत विद्यापीठांत जाऊन भारताचं परराष्ट्र धोरण समजावून सांगतात. विषय दिल्ली-जिनिव्हाचा वाटतो. पण त्यातला एक धागा थेट मालवणच्या होड्यांपर्यंत येतो.

प्रकरण काय आहे?
जून २०२२ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत मासेमारी अनुदानाचा करार झाला. बेकायदा मासेमारीला आणि साठा घटलेल्या माशांच्या मासेमारीला सरकारी मदत नको, हा त्याचा गाभा. सप्टेंबर २०२५ मध्ये तो अमलात आला. अतिमासेमारी वाढवणाऱ्या अनुदानांवरची बोलणी मात्र अडली आहेत.

मालवणला काय फरक पडतो?
महाराष्ट्रात मच्छीमारांना डिझेलवरच्या कराचा परतावा मिळतो. इंधनावरची अशी मदतही या चर्चेत आहे. भारताचं म्हणणं असं की समुद्र उपसला तो दूरवर जाणाऱ्या बड्या ताफ्यांनी, मग लहान मच्छीमाराला शिक्षा का? म्हणून विकसनशील देशांसाठी भारताने २५ वर्षांची सवलत मागितली आहे.

मग पेच कुठे आहे?
हाच वाद मालवणच्या समुद्रातही आहे. एकीकडे रापणकर आणि पारंपरिक मच्छीमार, दुसरीकडे पर्ससीन आणि एलईडीवाल्या नौका. राज्याने २०१६ मध्ये पर्ससीनवर निर्बंध आणले, केंद्राने २०१७ मध्ये एलईडी मासेमारीवर बंदी घातली. तरी संघर्ष मिटलेला नाही.

त्यामुळे राजदूतांचं व्याख्यान मालवणात झालंच, तर पहिला प्रश्न ठरलेला आहे: जिनिव्हात ज्या लहान मच्छीमारासाठी भारत भांडतो, त्याला घरच्या समुद्रात कोण वाचवणार?