बिल्ल्याचा निवाडा एका खुणेवर नको

जुन्या लष्करी बिल्ल्यांच्या खरेदी-विक्रीत एक मत वेदवाक्यासारखे चालते : ठप्प्याखाली दाबून काढलेला बिल्ला अस्सल, ओतीव बिल्ला नकली. ब्रिटिशकालीन मराठा पलटणींचे बिल्ले या एका कसोटीवर बाद ठरवले जातात. मला हे मत मान्य नाही.

आधी पूर्वपक्ष नीट मांडला पाहिजे. बर्मिंगहॅमच्या कारखान्यांत पोलादी ठप्प्यांखाली पत्रा दाबून बिल्ले तयार होत. त्यामुळे नक्षी धारदार उठे आणि पाठीमागे तीच नक्षी खोलगट, उलटी दिसे. नक्कल करणारा अस्सल बिल्ल्याचा साचा घेतो आणि त्यात पितळ ओततो. अशा नकलेवर बारीक छिद्रे पडतात, रेषा बोथट होतात आणि धातू थंड होताना आकसल्याने ती मुळाहून किंचित लहान भरते. हे सगळे खरे आहे. म्हणून ओतीव बिल्ला दिसताच संशय घ्यावा, यात काही गैर नाही.

चूक पुढे होते. हिंदुस्थानी सैन्याचे सारेच बिल्ले विलायतेहून येत नव्हते. अनेक बिल्ले इथल्या कारागिरांकडून करून घेतले जात. ओतारी ते वाळूच्या साच्यात ओतत, कानशीने साफ करत आणि पाठीला कड्या झाळून देत. हे बिल्ले शिपायांनी खरोखर वापरले. ते जन्मतःच ओतीव आहेत. म्हणून ‘ओतीव आहे का?’ एवढ्यावर थांबणे चूक. ‘कशावरून ओतला?’ हे विचारायला हवे. दाबीव बिल्ल्याची पोकळ पाठ आणि बोथट झालेली नक्षी ओतकामात उतरली असेल, तर ती नक्कल. पाठ भरीव, नक्षी मुळातच ठसठशीत आणि कडांवर हाताने कानस फिरवल्याच्या खुणा असतील, तर तो स्थानिक बनावटीचा खरा बिल्ला असू शकतो. उलट बाजूने पाहिले, तर जुने ठप्पे उरले असल्यास त्यांतून आजही नवा बिल्ला निघतो. तो दाबीव असतो, धारदार असतो, पण कोणत्याही शिपायाच्या टोपीला कधी लागलेला नसतो. म्हणजे ही कसोटी खऱ्याला हाकलते आणि खोट्याला आत घेते.

दुसरा लाडका पुरावा म्हणजे काळपटपणा. पितळेला अमोनियाची वाफ दिली की ते थोड्या वेळात जुनाट दिसू लागते. शिवाय ज्या शिपायाला बिल्ला रोज घासून चकचकीत ठेवावा लागे, त्याचा बिल्ला काळा का असावा? खऱ्या वापराची खूण वेगळी असते. नक्षीचे उंचवटे गुळगुळीत होतात आणि खोलगट जागी पॉलिशचा थर साचतो. उंच आणि सखल भाग सारखेच झिजलेले दिसले, तर ती झीज वापराची नव्हे.

तिसरा पुरावा घराण्याच्या कथेचा. कथा ऐकावी, टिपून ठेवावी, पण तिच्यावर निकाल देऊ नये. पहिल्या महायुद्धाच्या ब्रिटिश वॉर मेडलच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, नाव आणि पलटण ठोकलेली असते. टोपीच्या बिल्ल्यावर नाव नसते. तो कोणाचाही असू शकतो.

मग निवाडा कशावर करावा? अनेक स्वतंत्र खुणांच्या एकवाक्यतेवर. हिंदुस्थानी सैन्याच्या १९०३ च्या पुनर्रचनेत मुंबईच्या मराठा पलटणींना शंभरीतले क्रमांक मिळाले : १०३, १०५, ११०, ११४, ११६, ११७. १९२२ मध्ये या सहा पलटणी पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीत एकत्र आल्या. म्हणजे ‘११०’ कोरलेल्या बिल्ल्याचा काळ क्रमांकानेच बांधून दिला आहे. त्यावर मुकुट असलाच, तर तो १९०१ नंतरच्या राजांचा, गोलाई घेत वर चढणाऱ्या कमानींचा हवा. मध्ये खचलेल्या कमानींचा एलिझाबेथ राणीचा मुकुट दिसला, तर बिल्ला निःसंशय बनावट. राणी गादीवर आली १९५२ मध्ये, आणि भारतीय सैन्यात तर २६ जानेवारी १९५० लाच मुकुटाची जागा अशोकस्तंभावरील सिंहांनी घेतली होती. क्रमांक, मुकुट, घडण, पाठीची जोडणी आणि झीज या पाचही साक्षी एकच काळ सांगत असतील, तरच बिल्ल्याला अस्सल म्हणावे.

काही जण म्हणतील, पितळेच्या एका तुकड्यासाठी एवढा कीस कशाला? माझे उत्तर स्पष्ट आहे. १०३, ११० आणि ११७ या पलटणी पहिल्या महायुद्धात सहाव्या पूना डिव्हिजनबरोबर आजच्या इराकमधील कूतच्या वेढ्यात होत्या. २९ एप्रिल १९१६ रोजी तिथे शरणागती झाली आणि शिपाई तुर्कांच्या कैदेत गेले. गावोगावच्या या माणसांनी स्वतः लिहून ठेवलेले फार थोडे आहे. त्यांच्या वस्तू हीच त्यांची साक्ष आहे, आणि साक्ष तपासून घेणे हा त्यांचा मान आहे.

म्हणून संग्राहकांनी प्रत्येक बिल्ल्याबरोबर निर्णय आणि त्याची कारणे लिहून ठेवावीत. पुरावा अपुरा असेल तिथे ‘अनिर्णित’ असे लिहावे. खरा मानलेला खोटा बिल्ला पुढे कधीतरी उघडा पडतो, कारण तो तपासायला शिल्लक असतो. खोटा ठरवून भंगारात घातलेला खरा बिल्ला मात्र वितळतो, आणि मग फेरतपासणी कोणालाच करता येत नाही.