ऋतूंचा आस्वाद आणि आषाढातील चूल

शहरातील सुखवस्तू वर्गात सध्या एका नव्या आहारधर्माचा बोलबाला आहे. ऋतुमानाप्रमाणे जे पिकते तेच खावे, घास सावकाश चावावा, जेवताना चित्त अन्नावरच असावे, असे हा धर्म सांगतो. उपदेश खोटा नाही. आक्षेप आहे तो त्यामागील गृहीतकाला. ऋतू म्हणजे चवींचा पालट, आणि सजगपणे जेवणे ही ज्याच्या त्याच्या मनोनिग्रहाची बाब, असे हे लोक धरून चालतात.

जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात ऋतूचा अर्थ निराळा आहे. आषाढ-श्रावणात गेल्या सालची नागली-वरई कणगीतून संपलेली असते, नवी शेतात उभी असते आणि लावणी आटोपल्याने मजुरीही थांबते. १९९२ साली याच जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीत बालके कुपोषणाने दगावली, तेव्हा कुठे मुंबईला या ऋतूची ओळख पटली. शासनाला ती आधीच होती. आदिवासींसाठी १९७८ पासून चाललेली खावटी कर्ज योजना पावसाळ्यातील याच महिन्यांकरिता होती. म्हणजे उपासमार नेमाने येते हे सरकारदरबारी मान्य होते, आणि तिच्यावरचा उपाय कर्ज हा होता! २०२० साली करोनाच्या संकटात त्याचे अनुदान झाले: एका वर्षापुरते, कुटुंबामागे ४,००० रुपये, निम्मे रोख व निम्मे वस्तुरूपाने.

आणि सजगता कोणी कोणाला शिकवायची? कडूकंद तसाच खाल्ला तर बाधतो. त्याचे काप करून राखेच्या पाण्यात उकळावे लागतात, मग टोपलीत घालून रात्रभर ओढ्याच्या वाहत्या पाण्यात ठेवावे लागतात. पहिल्या पावसात उगवणारा शेवळा घशाला खाजतो, म्हणून त्यात काकडाची फळे घालतात. अन्नाकडे इतके लक्ष देऊन पाहणारी विद्या आदिवासी स्त्रियांनी भुकेपोटी जतन केली आहे. त्याच शेवळ्याच्या, टाकळ्याच्या जुड्या घेऊन त्या पहाटेच्या गाडीने मुंबईच्या उपनगरांत येतात. जुडी घेणारा घरी जाऊन सावकाश जेवतो. विकणारी कधी आणि काय जेवली, हे त्याच्या आहारधर्मात येत नाही. दिवाळीनंतर हीच कुटुंबे वीटभट्टीवर जातात. मध्यरात्री उठून गारा मळणाऱ्या माणसाला घास बत्तीस वेळा चावण्याचा सल्ला देण्यापूर्वी त्याच्या जेवणाच्या सुट्टीचे बोलावे.

आपल्यातीलही काही मित्र या विषयाची टिंगल करतात. आधी पोटाचे पाहू, चवीचे मागाहून, असे त्यांचे म्हणणे. ते मला मुळीच मान्य नाही. गरिबाने समोर येईल ते गिळावे, हा तर राज्यकर्त्यांचा विचार! १९७२ च्या दुष्काळात ज्यांनी रेशनची तांबडी मिलो आणि सुकडी खाल्ली, त्यांना तो आजही आठवतो. स्वतःच्या मातीतले, स्वतःच्या सवयीचे धान्य स्वस्थपणे खाता येणे हा चैनीचा भाग नव्हे, हक्काचा आहे. तो श्रीमंतांच्या छंदांत जमा होऊ देणे ही आपली चूक ठरेल.

२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातील माणशी महिना ५ किलो धान्य दिले, अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो. कायद्यात भरड धान्याचाही उल्लेख आहे. डाळ आणि तेल मात्र त्या हक्कात नाही. प्रत्यक्षात डोंगरातल्या दुकानी हाती पडतो तो बहुतेक वेळा तांदूळ नि गहू. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरड धान्यांचे वर्ष म्हणून साजरे केले. त्या गाजावाजात नागलीची बिस्किटे शहरी दुकानांत मानाने बसली; नागली पिकवणारा रांगेत पिशवी घेऊन उभाच आहे.

नागली-वरई तालुक्यातच हमीभावाने खरेदी करावी, तेथेच रेशनवर द्यावी, ही मागणी काही अद्भुत नाही. २००६ च्या वनाधिकार कायद्याने गौण वनोपज गोळा करण्याचा हक्क दिला. पण जंगलाच्या जागी नुसता साग लावला आणि बांधावर तणनाशक फवारले, तर गोळा करायचे काय? कृषी खाते दर पावसाळ्यात रानभाजी महोत्सव भरवते. त्याच आठवड्यात त्याच तालुक्यांतील रेशन दुकानांत काय आले आणि कोणाच्या कणगीत किती उरले, हे आपल्या शाखांनी पाड्यापाड्यांवर जाऊन पाहावे व लिहून आणावे.