गिरिश्कचे पाणी

आमच्या वर्गात परदेशांविषयी बोलणे निघाले की अफगाणिस्तानचा निकाल दोन शब्दांत लागतो : बंदूक आणि अफू. मला हे पटत नाही. का पटत नाही ते सांगण्यासाठी मी गिरिश्क हे एकच गाव घेतो.

दक्षिण अफगाणिस्तानात हेल्मंद नदीच्या काठी, कंदाहारहून हेरातला जाणाऱ्या हमरस्त्यावर हे शहर आहे. नदी उतरायची वाट इथली, म्हणून फौजाही इथेच येत. १८८० च्या जुलैत अयूबखानाला अडवायला निघालेल्या इंग्रजी फौजेबरोबर मुंबई लष्कराच्या पलटणी इथवर आल्या होत्या. २७ जुलैला मैवंदला त्या फौजेची दाणादाण उडाली.

पण मला सांगायची आहे ती गोष्ट पाण्याची. १९४६ साली अफगाण सरकारने मॉरिसन-नुड्सन या अमेरिकन कंपनीकडे हेल्मंद खोऱ्याचे काम सोपवले. १९५३ मध्ये कजाकी धरण पुरे झाले, गिरिश्कजवळून बोघ्रा कालवा निघाला, आणि ओसाड माळावर भटक्या टोळ्यांना जमिनी देऊन वसवले. पाणी आले, पण निचऱ्याची सोय नीट झाली नाही. खाली कठीण थर. पाणी मुरेना, आणि वर आले ते मीठ घेऊन. नादअली, मार्जाकडची कितीतरी शेते पांढरी पडली. सांगली-कोल्हापूरकडच्या मित्रांना हे समजावून सांगायला नको; उसाखाली क्षारपड झालेली रानं त्यांनी पाहिलेलीच आहेत.

अशा ठिकाणच्या शेतकऱ्याने अफू लावली तर त्याला हावरट म्हणावे काय? डाळिंब-द्राक्षे बाजार गाठेपर्यंत नासतात. रस्त्यावर लढाई पेटली असेल तर बोलायलाच नको. अफूचा गोळा मात्र घरात वर्षभर टिकतो, आणि व्यापारी त्यावर आगाऊ पैसेही देतो. आमच्या नीतिशास्त्राच्या पेपरातले उत्तर तिथे चालत नाही. (प्राध्यापकांनी क्षमा करावी!)

एप्रिल २०२२ मध्ये तालिबानने अफूबंदी केली आणि पुढच्याच हंगामात हेल्मंदमधला पेरा जवळजवळ नाहीसा झाला. आकडे पाहून जगाने समाधान मानले. पण बोघ्रा कालव्याच्या उत्तरेला, जिथे कालवा पोचत नाही, तिथे लोकांनी अफूच्या पैशांवर खोल विहिरी पाडल्या आणि सौर पंप बसवले. त्या घरांनी आता नुसत्या गव्हावर कसे निभवायचे? गव्हाला पाणी तर लागतेच, आणि सूर्य फुकट असल्याने पंप दिवसभर चालतात. विहिरींची पातळी खाली चालली आहे.